पश्चिमेची भिंत

सकाळी 7. गुहागरच्या या घराची पाहणी मी मुद्दाम ऑक्टोबरात ठेवली. पाऊस नुकताच गेलाय, पाणी कुठून किती आत आलं ते भिंतीवर अजून दिसतं. पूर्वेची भिंत कोरडी, उत्तरेला थोडं शेवाळ. समुद्राकडच्या पश्चिमेला मात्र खिडकीपासून जोत्यापर्यंत रंगाचे पोपडे. हातोडीने ठोकत गेले, तर गिलावा जागोजागी पोकळ वाजतो. आत ओटीवर त्याच उंचीला खार फुटलाय.

8. मिस्त्रींनी गिलाव्याचा एक चौकोन काढला. मागचा चिरा दमट. जांभा खाणीतून मऊ निघतो, हवेत कडक होतो, पण सच्छिद्रच राहतो. प्यायलेलं पाणी सुकून जायला त्याला वाट लागते. इथे वर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर जाड प्लास्टिक रंग. केसाएवढ्या चिरेतून झडीचं पाणी आत शिरतं आणि रंगामागे अडकतं. अशा भिंतीला पुन्हा पुन्हा रंग काढणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

काकू चहा घेऊन आल्या. “आमच्या सासूबाई मे महिन्यात ह्याच भिंतीला झावळ्यांचे झाप बांधायच्या, दिवाळीआधी सोडायच्या,” त्या म्हणाल्या. मला हवं होतं ते हेच. पाऊस भिंतीच्या बाहेरच अडायचा आणि झापामागे वारा खेळायचा. आता तेच कायमचं करायचं.

9.30. डोंबिवलीहून काकूंच्या मुलाचा फोन. त्याला चकचकीत एसीपी, म्हणजे अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल हवंय, शहरातल्या इमारतींसारखं. मी त्याला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरबद्दल सांगितलं: 14 जून 2017, 72 माणसं गेली, आग पसरली ती बाहेरच्या अॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमधल्या पॉलिथिलीनमुळे. न पेटणाऱ्या गाभ्याचं एसीपीही मिळतं, पण बैठ्या कौलारू घराला त्याची गरज नाही. तो थोडा हिरमुसला. “मग काय लावणार, मॅडम?” संध्याकाळी सांगते म्हटलं.

11 ते 2, चिपळूण. दुकानांतून नमुने पाहण्यात हे तीन तास गेले. रंगीत पोलादी पत्रा स्वस्त आणि झटपट लागणारा, पण कापलेल्या कडेवर खारी हवा बसली की तिथून गंज चढतो. अॅल्युमिनियमचा पत्रा टिकेल. मात्र ओल्या सिमेंटला किंवा चुन्याला टेकला तर झिजतो आणि झडीत त्याचा आवाज फार. सागाच्या फळ्या मला मनापासून आवडतात, पण त्यांना नियमित तेलपाणी हवं, वाळवीवर लक्ष हवं. सत्तरीच्या काका-काकूंवर ते ओझं टाकवत नाही. उरल्या फायबर सिमेंटच्या पट्ट्या. त्या पेटत नाहीत, वाळवी लागत नाही. पण कापलेली प्रत्येक कड रंगाने बंद करायला हवी आणि कापताना तोंडाला चांगला मास्क हवाच. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाते. दुकानदार साध्या लोखंडी स्क्रूचा डबा पुढे करत होता. मी 316 ग्रेडचं स्टेनलेसच घेतलं. समुद्राकाठी पट्टीच्या आधी स्क्रूच मरतो.

3.30. परत घरी. मिस्त्री म्हणाले, “मॅडम, पट्ट्या सरळ भिंतीवरच ठोकू, खर्च वाचेल.” नाही. आधी उभे चौकोनी पाइप, त्यावर पट्ट्या, मधे इंचभर पोकळी. ती खाली आणि वर उघडी, तोंडाला बारीक स्टेनलेस जाळी, म्हणजे उंदीर, पाली, गांधीलमाश्या आत जाणार नाहीत. पाइपांचे बोल्ट चिऱ्यात खोल जायला हवेत, दर्जांत नकोत. पट्टीची खालची कड जमिनीपासून अर्धा फूट वर आणि पावळी दीड फूट पुढे. पट्टी कुठल्या कंपनीची, याला मी दुय्यम मानते. पोकळी राहिली नाही, तर महागडी पट्टीही ओल कोंडूनच ठेवेल.

काकांनी विचारलं, “बाकीच्या तीन भिंतींना काय?” काही लावायचं नाही. प्लास्टिक रंग खरवडायचा, सुटलेल्या गिलाव्याच्या जागी चुन्याचा करायचा. झड त्यांच्यावर फारशी येत नाही. खर्च कशाला वाढवायचा?

7. रेखाचित्र आणि अंदाजपत्रक मुलाला पाठवलं. त्याचा उलट निरोप: काम दिवाळीपर्यंत होईल का? नाही. पश्चिमेचा गिलावा सोमवारी निघेल, मग चिरा डिसेंबरपर्यंत उघडा वाळू द्यायचा. पाइप जानेवारीत.