टॉवरवरची पांढरी डिश आणि एका मिलिमीटरची किंमत

(या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तितके काढलेत, काही राहिलेत.)

हे ऐकताना बसच्या खिडकीत किंवा गच्चीवर असाल, तर जवळचा मोबाइल टॉवर शोधा. त्यावर उभे, लांबट, पट्टीसारखे अँटेना दिसतील. ते तुमच्या-माझ्या फोनशी बोलतात. पण त्यांच्या आसपास ढोलाच्या आकाराची एखादी गोल पांढरी डिशही असेल. ती आपल्याशी बोलतच नाही. ती बोलते काही किलोमीटर लांबच्या टॉवरवर बसलेल्या तिच्या जोडीदार डिशशी. जिथे फायबर पोचली नाही, किंवा पोचली होती पण रस्ता खोदताना जेसीबीने तोडली, तिथे गावभराचे कॉल, यूपीआय आणि रील्स या एका डिशमधून जातात.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं, रेडिओ म्हणजे चिप आणि कोड, बाकी सगळा पत्र्याचा डबा. पण मायक्रोवेव्हमध्ये तो डबाच सर्किट असतो.

कसं ते बघू. भारतात या लिंकसाठी 15 गिगाहर्ट्झचा बँड भरपूर वापरला जातो. त्याची तरंगलांबी 2 सेंटीमीटर, म्हणजे एक लाट तुमच्या बोटाच्या रुंदीएवढी. त्याहून वरचा ई-बँड 80 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, तिथे लाट पावणेचार मिलिमीटरची. लाट इतकी छोटी झाली की धातूचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक फट तिला ‘दिसायला’ लागते.

डिशचंच घ्या. तिचा पॅराबोला एकदम नेमका असेल, तर सगळ्या लाटा एका तालात पुढे निघतात. पत्रा कुठे दबलेला असेल, तर तिथली लाट मागे-पुढे होते आणि ताल बिघडतो. जॉन रूझ नावाच्या अभियंत्याने याचं गणित मांडलंय. पृष्ठभागावरची सरासरी चूक तरंगलांबीच्या सोळाव्या हिश्श्याएवढी झाली, की डिशच्या समोर जाणारी जवळपास निम्मी ताकद गेली. ई-बँडला हा सोळावा हिस्सा किती? पाव मिलिमीटरच्याही किंचित आत. तेवढीच चूक 15 गिगाहर्ट्झच्या डिशमध्ये असेल, तर नुकसान फक्त दोनेक टक्के. बाहेरून दोन्ही डिश सारख्याच दिसतील, पण एकीचा साचा दुसरीला चालणार नाही.

आता वारा. साठ सेंटीमीटरची डिश ई-बँडला जो झोत टाकते, तो अर्ध्या अंशाहूनही बारीक असतो. आकाशातला पूर्ण चंद्र आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो, यावरून अंदाज घ्या. झोत मधल्या रेषेपासून पाव अंशाच्या आतच इकडेतिकडे झाला, की पलीकडे पोचणारी ताकद निम्मी होते. 15 गिगाहर्ट्झला हाच झोत सव्वादोन अंशांचा असतो, त्यामुळे तिथे जरा श्वास घ्यायला जागा आहे.

आणि हे सगळं टॉवरच्या टोकाला, वादळात सांभाळायचं. ताशी 144 किलोमीटरच्या वाऱ्यात साठ सेंटीमीटरच्या डिशवर तीस-पस्तीस किलो वजनाएवढा जोर येतो. डिशचा व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणून 1.2 मीटरच्या डिशवर तोच जोर सव्वाशे किलोच्या वर जातो. शिवाय डिश पाइपच्या एका अंगाला बसवलेली असते, त्यामुळे वारा तिला नुसता ढकलत नाही, पाइपभोवती पिळतो. म्हणून मोठ्या डिशला बाजूने एक आडवी दांडी टेकू म्हणून लावतात. ती कुणी ‘काय गरज आहे’ म्हणत लावली नाही, तर पुढच्या वादळापर्यंत फरक कळत नाही.

मग डिशला भोकं पाडून वारा आरपार का जाऊ देत नाहीत? हे आपल्या महाराष्ट्रातच केलंय! नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. गोविंद स्वरूप यांच्या टीमने त्या बारीक तारांच्या जाळीच्या बनवल्या, म्हणून वारा निघून जातो आणि एवढ्या अवाढव्य डिश हलक्या राहतात. पण ती दुर्बीण ज्या लाटा ऐकते, त्यातल्या सगळ्यात छोट्यासुद्धा वीसेक सेंटीमीटरच्या. त्यांच्या दृष्टीने जाळी म्हणजे सलग पत्राच. आपल्या 2 सेंटीमीटरच्या लाटेला मात्र तशी जाळी गळकी चाळण वाटेल.

डिशच्या मागे गेलो की वेव्हगाइड लागतो. ही आयताकृती पोकळ नळी. आत तार नाही, काही नाही, लाट पोकळीतून वाहते. 15 गिगाहर्ट्झसाठी नेहमीच्या नळीची आतली रुंदी 15.8 मिलिमीटर, आणि या रुंदीमुळेच साडेनऊ गिगाहर्ट्झच्या खालचं काही तिच्यातून जाऊच शकत नाही. गंमत म्हणजे करंट धातूच्या फक्त वरच्या अर्ध्या मायक्रॉनमध्ये वाहतो, केसाच्या जाडीच्या जवळपास शंभराव्या भागात. म्हणून ॲल्युमिनियमवर चांदीचा पातळ मुलामा दिला तरी लाटेसाठी ती चांदीचीच नळी. पण आतला ओरखडा किंवा जोडावरची फट लाटेला लगेच कळते.

मला सगळ्यात भारी वाटतो तो फिल्टर. एकच डिश एकाच वेळी बोलते आणि ऐकते, दोन वेगळ्या फ्रीक्वेन्सींवर. स्वतःचा आवाज कानठळ्या बसवणारा, समोरून येणारा अगदी कुजबुजीएवढा. दोन्ही वेगळे ठेवतात धातूत कोरलेल्या छोट्या पोकळ्या, आणि पोकळीची लांबी ठरवते कुठली फ्रीक्वेन्सी जाणार. पण धातू तापला की वाढतो. ॲल्युमिनियम दर अंशाला दहा लाखांत 23 भाग वाढतं. थंडीतल्या पहाटेपासून भर उन्हातल्या दुपारपर्यंत डब्याच्या आत 60 अंशांचा फरक पडला, तर 15 गिगाहर्ट्झचा फिल्टर 20 मेगाहर्ट्झ सरकतो. चॅनलची रुंदी असते 28 मेगाहर्ट्झ! म्हणजे नुसत्या उन्हाने आपण जवळजवळ शेजारच्याच्या घरात.

यावर एक उपाय 1896 साली सापडला होता, रेडिओचा विचार न करता. शार्ल एद्वार गियोम यांनी लोखंडात 36 टक्के निकेल मिसळलेला इनव्हार हा मिश्रधातू शोधला. तो तापल्यावर ॲल्युमिनियमच्या वीसाव्या हिश्श्याच्या आसपासच वाढतो. त्यांना 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. इनव्हार जड आहे, कापायला चिवट आहे, महाग आहे, त्यामुळे तो गरज असेल तिथेच वापरतात. बाकी ठिकाणी फिल्टरला थोडी मोकळीक ठेवून भागवतात.

आणि मग वळीव येतो.

डिशमागचा तो डबा काही दहा वॅट वीज खातो, त्यातून हवेत जाणारी ताकद बहुतेक वेळा एक वॅटही नसते. बाकी सगळी उष्णता. पंखा लावत नाहीत, कारण पंखा बंद पडला तर बदलायला रिगरला पट्टा बांधून वर चढावं लागेल, पॅच इथून ढकलता येत नाही. म्हणून डब्यावर उभ्या कडा असतात, त्यांच्यामधून गरम हवा आपोआप वर सरकते. आता मे महिन्यातली दुपार धरा. डबा 60 अंशांना तापलाय, आणि अचानक धाडकन पाऊस. आतली हवा 30 अंशांवर आली, की तिचा दाब 9 टक्के उतरतो. ए-फोर कागदाएवढ्या झाकणावर बाहेरून पन्नास किलोंहून जास्त जोर! डबा आता पाणी ओढून घ्यायला बसलाय, आणि रबरी गॅस्केटभोवती पाणीच पाणी. जितका घट्ट बंद केलाय, तितका जास्त ओढणार.

म्हणून डब्याला मुद्दाम एक भोक ठेवतात, शक्यतो खालच्या बाजूला. त्यावर असतो विस्तारित पीटीएफईचा पडदा, म्हणजे तव्यावरच्या नॉनस्टिक थराचाच चुलतभाऊ. त्याची छिद्रं हवेला जाऊ देतात, पाण्याच्या थेंबाला नाही. दाब काही क्षणांत सारखा होतो आणि गॅस्केटवर ताण येत नाही. हे भोक रंगकामात बुजलं, तर डबा पुन्हा पाणी ओढायला लागतो.

असाच पडदा बहुतेक वॉटरप्रूफ फोनमध्येही असतो, माइक आणि स्पीकरच्या भोकांमागे. तेव्हा ती भोकं साफ करायला पिन घालू नका. चला, पुढच्या भागात भेटू.