मांजरासाठी दाराला झडप बसवताय? आधी साप, पाऊस आणि शेजारचा बोका यांचा विचार करा

पहाटे पाचच्या सुमारास मच्छरजाळीवर नखं ओढल्याचा आवाज येतो. जिते इथे माझ्या मावशीचं घर आहे, तिथला हा रोजचा गजर. पनवेल-रोहा मार्गावर आपटा गेलं की जिते, मग हमरापूर, मग पेण. स्टेशन छोटं, आजूबाजूला भातशेती आणि घराघरात एखादं तरी मांजर. मावशीची मनी रात्री बाहेर पडते आणि पहाटे तिला आत यायचं असतं. मावशी उठून दार उघडते. दहा मिनिटांनी मनी पुन्हा दाराशी ओरडत उभी, आता तिला बाहेर जायचं असतं. वर्षभरात दोन जाळ्या बदलून झाल्या. "तू इंजिनीअर ना रे, मग काढ काहीतरी मार्ग," असं मावशीने सुनावल्यावर मी कॅट फ्लॅप या विषयात शिरलो.

कॅट फ्लॅप म्हणजे दारात किंवा खिडकीत बसवलेली छोटी झडप. वरच्या बाजूला बिजागरी, मांजराने डोक्याने ढकललं की उघडते आणि मांजर गेलं की आपोआप मिटते. यूट्यूबवर ती बसवण्याचे शेकडो व्हिडिओ आहेत. अडचण एवढीच, की त्यातली बहुतेक घरं इंग्लंड-अमेरिकेतली आहेत. 'दाराच्या तळाशी, जमिनीपासून चार-सहा इंचांवर भोक पाडा' हा त्यांचा पहिलाच सल्ला पेण तालुक्यातल्या घरात पाळला, तर पस्तावायची वेळ येऊ शकते.

मांजराचा रस्ता बंद केला कोणी?

जुन्या कौलारू घरात झडपेची गरजच नव्हती. भिंत आणि कौलं यांच्यामध्ये फट असायची, खिडकीला काच नसून नुसते गज असायचे. मांजर पडवीच्या छपरावरून माळ्यावर आणि माळ्यावरून कणगीपाशी उतरायचं. ते तिथे हवंच असायचं, कारण वर्षाचं भात घरात आणि त्यावर डोळा ठेवून उंदीर-घुशी. पुढे स्लॅब आला, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या, डासांसाठी जाळी आली. मांजराची वाट बंद झाली. उंदीर मात्र मोरीच्या पाइपातून येतच राहिले.

धान्य किंवा सामान वाचवण्यासाठी मांजराला वाट करून देणं ही जुनी गोष्ट आहे. इंग्लंडमधल्या एक्झेटर कॅथीड्रलच्या हिशेबात १५९८ सालची एक नोंद सापडते: खगोलीय घड्याळाच्या खोलीच्या दाराला मांजरासाठी भोक पाडल्याबद्दल सुतारांना आठ पेन्स दिले. घड्याळाच्या दोरांना चरबी लावलेली असायची आणि तिच्या वासाने उंदीर यायचे. ते भोक आजही त्या दारात आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी 'कॅट फ्लॅपचा शोध न्यूटनने लावला' ही गोष्ट मात्र सोडून द्या. तिला भक्कम पुरावा नाही आणि चॉसर या इंग्रज कवीच्या कथेत दाराला मांजराचं भोक आहे ते न्यूटनच्या जन्माआधी सुमारे अडीचशे वर्षांचं.

जमिनीलगत का नको?

कारण त्या वाटेने फक्त मांजर येणार नाही.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही प्रमुख विषारी साप कोकणात आढळतात. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं आणि साप कोरडी जागा शोधतात. शिवाय उंदीर, बेडूक, पाली यांच्या मागेही ते घरात येतात. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही आणि त्याला बळी पडणारी माणसं बऱ्याचदा जमिनीवर अंथरूण घालून झोपलेली असतात. विंचवांबद्दल तर रायगडकरांना वेगळं सांगायला नको. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं विंचूदंशावरचं काम जगभर गेलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते काम उभं राहिलं याच जिल्ह्यातल्या रुग्णांवर.

अशा घरात उंबरठ्याजवळ सहा इंचांचं चौकोनी भोक ठेवायचं आणि त्यावर हलकी प्लास्टिकची झडप टांगायची, हे मला पटत नाही. झडपेची रचनाच अशी असते की थोड्या जोराने ती हलावी. कडेला दोन-तीन मिलिमीटरची फट राहतेच. ती साप किंवा विंचू अडवेल असं धरून चालू नका.

दुसरा धोका खुद्द मनीच्या तोंडातून येतो. मांजरं शिकार घरात आणतात, आणि ती दर वेळी मेलेली नसते. अर्धमेला उंदीर स्वयंपाकघरात सुटला, तर झडप काय कामाची? उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पावसाळ्यात आपल्याकडे दरवर्षी डोकं वर काढतो. त्यामुळे झडप कुठलीही घ्या, ती रात्री बंद करता आलीच पाहिजे. मांजरं मुख्यतः तिन्हीसांजेला आणि पहाटे शिकारीला निघतात. अंधार पडण्याआधी मांजर आत आणि झडप बंद, हा नियम साप, उंदीर आणि मांजराची स्वतःची सुरक्षितता अशा तिन्ही कारणांसाठी आहे.

मग बसवायची कुठे?

खिडकीत. सरकत्या खिडकीचा एक पल्ला साधारण नऊ-दहा इंच उघडा ठेवायचा आणि त्या उघड्या भागात वरपासून खालपर्यंत अ‍ॅक्रिलिकची किंवा एसीपी शीटची उभी पट्टी बसवायची. झडप त्या पट्टीत. दार कापावं लागत नाही, भाड्याचं घर असेल तर जाताना पट्टी काढून नेता येते, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारा कुठलाही कारागीर हे काम करून देतो. उरलेला पल्ला सरकू नये म्हणून रुळात लाकडी काठी किंवा स्क्रू टाकायला त्याला आठवणीने सांगा, नाहीतर खिडकी बाहेरून उघडेल. बाहेर लोखंडी ग्रिल असेल तर गजांमधली चार इंचांची फट बहुतेक देशी मांजरांना पुरते. लठ्ठ बोक्यासाठी मोजून बघा.

खिडकीचा कट्टा साधारण तीन फुटांवर असतो. धडधाकट मांजर तेवढी उडी सहज मारतं. म्हाताऱ्या मांजरासाठी आत आणि बाहेर मध्यावर एकेक फळी ठोका. खिडकीखालची बाहेरची भिंत गुळगुळीत हवी, टाइल लावली तर उत्तम. खाली लाकडाची मोळी, विटांचा ढीग, वर चढणारा वेल असं काही ठेवू नका. धामणीसारखे साप चढतात, त्यामुळे हाही पूर्ण बंदोबस्त नाही, पण उंबरठ्यावरच्या भोकापेक्षा धोका बराच कमी.

दिशा बघून खिडकी निवडा. रायगडात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो येतो नैर्ऋत्य-पश्चिमेकडून, वाऱ्यासकट. पूर्वेची किंवा उत्तरेची, वर छज्जा असलेली खिडकी सगळ्यात बरी.

आता थोडं गणित, सवय जात नाही म्हणून. १५ सेंटिमीटर लांबी-रुंदीची आणि तीन मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिकची झडप साधारण ८० ग्रॅम भरते. ताशी ३६ किलोमीटरचा वारा समोरून आला तर त्याचा तेवढ्या क्षेत्रावरचा रेटा सुमारे १३५ ग्रॅम वजनाइतका होतो. म्हणजे नुसती टांगलेली झडप अशा वाऱ्यात चांगलीच उघडणार, रात्रभर फडफडणार आणि पाणी आत येणार. म्हणून खालच्या कडेला चुंबक हवं, आणि कडेला ब्रशसारखी पट्टी. बाजारातल्या बऱ्या झडपांना दोन्ही असतं. सुताराकडून करून घेणार असाल तर कपाटाच्या दाराला लावतात ते छोटं चुंबक चालतं. फार ताकदवान नको, मांजर दोनदा डोकं आपटून नाद सोडून देईल.

कोणती घ्यायची?

सगळ्यात स्वस्त ती दोन्ही बाजूंनी सतत उघडणारी, लॉक नसलेली झडप. ती घेऊ नका. त्याच्या वर चार स्थितींचं लॉक असलेली: दोन्हीकडून उघडी, फक्त आत येता येईल अशी, फक्त बाहेर जाता येईल अशी, आणि पूर्ण बंद. बहुतेक घरांना हीच पुरते. ऑनलाइन किंमत ब्रँडप्रमाणे हजारापासून काही हजारांपर्यंत जाते. 'फक्त आत' ही स्थिती संध्याकाळसाठी: बाहेर असलेलं मांजर येऊ शकतं, आलेलं परत जाऊ शकत नाही.

पण या लॉकला तुमचं मांजर आणि शेजारचा बोका यांतला फरक कळत नाही. बोक्याने एकदा आत येऊन वाटीतली सुकट खाल्ली की तो रोज येणार, आणि दाराच्या चौकटीवर फवारा मारून हद्दही आखणार. त्यावरचा महागडा उपाय म्हणजे मायक्रोचिपची झडप. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ निक हिल यांच्या मांजराला शेजारची मांजरं घरात घुसून छळायची, त्यातून त्यांनी ती बनवली. तांदळाच्या दाण्याएवढी चिप पशुवैद्य मांजराच्या मानेजवळ कातडीखाली सोडतात. तिच्यात बॅटरी नसते, फक्त १५ अंकी क्रमांक. झडपेतलं यंत्र १३४.२ किलोहर्ट्‌झवर तो क्रमांक वाचतं आणि ओळखीचा असेल तरच लॉक उघडतं. झडप पेन्सिल सेलवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला चिप बसवणं सक्तीचं आहे, तिथे ही झडप सोयीची. आपल्याकडे बहुतेक मांजरांना चिप नसते आणि आयात केलेली झडप दहा हजारांच्या पुढे जाते. मावशीने आकडा ऐकूनच विषय बंद केला.

त्यापेक्षा एक गोष्ट आधी करा: नसबंदी. नसबंदी न केलेल्या भाटीच्या घराला झडप बसवणं म्हणजे गावातल्या बोक्यांना आमंत्रण. मांजर साधारण दोन महिन्यांत विते आणि पिल्लं अंगावर असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. त्याच फेरीत रेबीजची लसही द्या. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो हा गैरसमज आहे. मोकळं फिरणारं मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने धुऊन माणसानेही दवाखाना गाठायचा असतो.

मापं कशी घ्यायची?

झडपेचं नाही, मांजराचं माप घ्या. मांजर उभं असताना पायाच्या तळापासून पोटापर्यंतची उंची मोजा. झडपेची खालची कड आतल्या आणि बाहेरच्या फळीपासून साधारण तेवढ्या उंचीवर हवी, म्हणजे ते पाय टाकून सरळ निघतं, सरपटत नाही. रुंदीसाठी पुठ्ठ्यात १५ सेंटिमीटरचा चौकोन कापून पलीकडे सुकट ठेवा. मनी कुठेही न घासता गेली, तर माप बरोबर. मांजर अजून पिल्लू असेल तर मोठ्या मांजराचं माप धरा.

दारच कापायचं असेल, समजा पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीचं, तर ते कशाचं आहे ते बघा. लाकडी फ्लश दार जिगसॉने कापता येतं: झडपेसोबत आलेला कागदी साचा चिकटवा, चार कोपऱ्यांत दहा मिलिमीटरची भोकं पाडा, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत करवत चालवा. कापलेल्या कडांना प्रायमर आणि रंग लावल्याशिवाय झडप बसवू नका; उघडं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि वाळवीलाही तेच आवडतं. टफन्ड काच बसवल्यानंतर कापता येत नाही, चुराच होतो; भोकासकटच नवी मागवावी लागते. भिंत फोडायचा विचार असेल तर आधी आतली वायरिंग कुठून गेली आहे ते विचारा, आणि कॉलम-बीमला हात लावू नका. आणखी एक, आतली कडी झडपेतून हात घालून पोहोचेल अशा अंतरावर नको. हाताची लांबी पंच्याहत्तर सेंटिमीटर धरा.

बसवली, पण मनी जाईना

हे ठरलेलंच आहे. मांजराला नव्या वस्तूचा संशय येतो. पहिले काही दिवस झडप चिकटपट्टीने पूर्ण वर करून ठेवा. मग अर्धी, मग पाव, मग सोडून द्या. पलीकडे जवळा किंवा बोंबलाचा तुकडा ठेवा. धरून ढकलू नका. एकदा घाबरलं की महिनाभर तिकडे फिरकत नाही. चुंबकाचा 'टक' आवाज त्रास देत असेल तर सुरुवातीला त्यावर कागदी टेप लावा.

मावशीकडे स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत चार स्थितींची झडप बसली. मनी नवव्या दिवशी स्वतःहून गेली. संध्याकाळी दिवा लावला की खटका 'फक्त आत' वर, आणि मनी वाटीपाशी दिसली की पूर्ण बंद. पहाटेचा ओरडा थांबलेला नाही, फक्त आता तो आतून येतो आणि मावशी उजाडेपर्यंत दाद देत नाही. जाळी मात्र शाबूत आहे.

घर बंद करून गावी किंवा गणपतीला जाणार असाल तर झडपेचा खटका लावलाय का, हे गॅसच्या नॉबइतकंच आठवणीने बघा, आणि त्याआधी मांजर नेमकं कुठल्या बाजूला आहे तेही.