रेंज गावात आहे, बांधीत आहे का?



भारतातले पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीत दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. काही शेजारी मात्र आपल्या आधी निघाले होते. श्रीलंकेत ही सेवा १९८९ साली, बांगलादेशात १९९३ साली आली. बांगलादेशात तर १९९७ पासून खेड्यांतल्या बायकांना कर्जावर फोन मिळू लागले. गावकरी पैसे देऊन त्यांच्या फोनवरून बोलत आणि त्या बाईचा संसार चाले. नेपाळात मोबाईल १९९९ मध्ये, भूतानमध्ये २००३ मध्ये पोचला.

आज आपणही मागे नाही. देशातल्या सुमारे साडेसहा लाख गावांपैकी सहा लाखांहून अधिक गावांत मोबाईल सेवा आहे. राहिलेल्या २४,६८० गावांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

पण या हिशेबात एक मेख आहे. मोजणी होते ती गावाची किंवा लोकसंख्येची, शेताची नव्हे. नेपाळ-भूतानात बरीच माणसे सखल भागांत आणि खोऱ्यांत राहतात. म्हणून तिथे बहुतेक लोक रेंजमध्ये, पण डोंगरांचा मोठा मुलूख बाहेर. आपल्याकडेही चावडीवर फोन लागला की गाव मोजले गेले; जंगलालगतच्या बांधीचे काय, हे त्या आकड्यात दिसत नाही. नागझिरा-कोक्याच्या बाजूला किंवा तुमसरच्या उत्तरेकडे ज्यांची जमीन आहे, त्यांना हे सांगायला नको.

कारण साधे आहे. कमी कंपनांच्या लहरी दूर जातात, जास्त कंपनांच्या लहरी माहिती जास्त वाहतात पण लवकर थकतात. टेकडी आणि ओली झाडी त्यांना अडवते. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी संपली की तोही मुका.

यात आपले नुकसान कुठे? १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी मोबाईलवर सुरू झाली. सातबाऱ्यावर धानाची नोंद नसली, तर आधारभूत केंद्रावर विक्री अडते. दुसरे नुकसान जिवाचे. रोवणीच्या दिवसांत बाया-माणसे उघड्या बांधीत वाकलेली असतात. पुण्याच्या संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा देते, पण रेंज नसेल तर तो पोचणार कसा?

म्हणून एवढे करावे :

१. ॲप उतरवणे, नोंदणी आणि ओटीपी ही कामे गावात रेंज असताना उरकावी. शेताचे ठिकाण फोनला उपग्रहाकडून कळते. त्याला टॉवर लागत नाही. फोटो शेतात काढून जतन करावा आणि रेंजमध्ये येताच पाठवावा. शेवटच्या तारखेची वाट पाहू नये.

२. सिम घेण्याआधी ज्याच्या धुऱ्यावर फोन लागतो, अशा शेजाऱ्याला कंपनी विचारावी.

३. सेवा बिघडली तर १९८ वर तक्रार करून तिचा क्रमांक लिहून ठेवावा.

४. ग्रामसभेत ठराव घेताना “रेंज नाही” एवढेच लिहू नये. कोणत्या शिवारात, कोणत्या गट क्रमांकांत फोन लागत नाही, ते लिहावे.

५. ढग गडगडू लागले की फोनच्या इशाऱ्यासाठी थांबू नये. बांधीतून बाहेर यावे, झाडाखाली उभे राहू नये, पक्क्या घराचा आसरा घ्यावा.