बदनाम पोलीस, परका देश आणि आपली रहस्यकथा

(द्वितीय वर्ष, कला)

रहस्यकथा म्हटली की सुशिक्षित माणूस जरा नाक मुरडतो. ग्रंथालयात ही पुस्तके मागताना विद्यार्थ्याचा आवाजही आपोआप खाली येतो. वस्तुतः ज्यांच्या घरात आधीच्या पिढीने कॉलेजची पायरी चढलेली नाही, अशा कित्येक घरांत पाठ्यपुस्तकाखेरीज पहिले पुस्तक शिरले ते रहस्यकथेचेच. आमचे घर त्यांतलेच एक. माझे वडील सातवीनंतर शाळा सोडून गाडीवर गेले. पण ट्रकच्या केबिनमध्ये सीटखाली त्यांच्या दोन-तीन जुन्या रहस्यकथा नेहमी असत. मराठी वाचनाची सवय मला त्या तेलकट पानांनीच लावली. म्हणून या वाङ्मयप्रकाराकडे थोडे गांभीर्याने पाहावे असे मला वाटते. त्यातही एका विशिष्ट कथाबीजाचा विचार येथे करावयाचा आहे. नोकरीतून दूर झालेला, नाव गमावलेला पोलीस अधिकारी परदेशी जातो. तेथे त्याला प्रेम भेटते आणि संकटही भेटते, असे ते बीज. हे बीज वाचकाला इतके का भुलवते? आणि ते कितपत खरे?

प्रथम आपली परंपरा पाहू. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही त्यांची पात्रे एके काळी घरोघरी ठाऊक होती. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास आला. या यादीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. आपला नायक कधी खाजगी गुप्तहेर आहे, कधी लष्करी अधिकारी, कधी वकील, तर कधी चक्क कायद्याबाहेर राहून दुष्टांना लुटणारा. परंतु साधा पोलीस इन्स्पेक्टर नायक म्हणून क्वचितच आढळतो. इन्स्पेक्टर येतो तो बहुधा शेवटच्या प्रकरणात, बेड्या घेऊन. पाश्चात्त्य कथेचा आरंभही असाच झाला. 1887 मध्ये अवतरलेला शेरलॉक होम्स पोलीस खात्यातला नव्हता. 1920 मध्ये अगाथा ख्रिस्तीने आणलेला हर्क्युल पॉयरो हा निवृत्त बेल्जियन पोलीस. युद्धामुळे तो निर्वासित होऊन इंग्लंडात आलेला. म्हणजे परक्या देशात, अधिकाराविना तपास करणारा पोलीस ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे.

आता अधिकार जाणे म्हणजे काय ते पाहू. आपण बोलताना ‘सस्पेंड केले’ आणि ‘काढून टाकले’ हे एकच समजतो. ते एक नव्हे. निलंबन ही शिक्षा नाही. चौकशी पुरी होईपर्यंत माणसाला कामापासून दूर ठेवायचे आणि पगाराऐवजी निर्वाह भत्ता द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. बडतर्फी ही मात्र शिक्षा आहे, आणि काही अपवाद सोडल्यास चौकशीवाचून ती देता येत नाही. राज्यघटनेच्या 311 व्या कलमाने सरकारी नोकराला तेवढे संरक्षण दिले आहे. कथालेखकाला निलंबन अधिक प्रिय असते, आणि ते स्वाभाविक आहे. निलंबित माणूस दोषी ठरलेला नसतो, निर्दोषही ठरलेला नसतो. खाकी अंगावर नाही, पण सवय अंगातून गेलेली नाही. शेजारी नमस्कार करायचे थांबले आहेत. अशा अधांतरी माणसाच्या हातून काहीही घडू शकते, आणि ‘काहीही घडू शकते’ हेच तर रहस्यकथेचे भांडवल.

परदेश का, याचे उत्तरही कायद्यातच आहे. आपल्या पोलिसाला दुसऱ्या देशात अटक करण्याचा कसलाही अधिकार नसतो. कादंबऱ्यांतून आपण ‘इंटरपोलचे पोलीस’ धावून आलेले वाचतो. प्रत्यक्षात फ्रान्समधील लिओन येथे मुख्यालय असलेल्या या संघटनेकडे अटक करणारे स्वतःचे शिपाईच नाहीत. ती देशोदेशींच्या पोलिसांमधली निरोप्या आहे. तिची ‘रेड नोटीस’ म्हणजे वॉरंट नव्हे, विनंती होय. आरोपी आणायचा तर प्रत्यर्पणाची वाट धरावी लागते, आणि ती फार लांबची वाट आहे. अबू सालेम सप्टेंबर 2002 मध्ये मोनिका बेदीसह लिस्बनला पकडला गेला. भारतात आला तो नोव्हेंबर 2005 मध्ये. तेही फाशी देणार नाही आणि 25 वर्षांहून अधिक काळ कैदेत ठेवणार नाही, अशी हमी पोर्तुगालला दिल्यावर. तीन वर्षे कागद फिरत होते. कादंबरीला तीन वर्षांचे कागद परवडत नाहीत. म्हणून ती बिनअधिकाराचा नायक विमानात बसवते.

आणि प्रेम? ते केवळ मसाला म्हणून येते असे मला वाटत नाही. स्वीडिश लेखक हेनिंग मांकेल याची रिगा शहरावरील कादंबरी 1992 ची आहे. तिचा नायक वालांडर लाटव्हियात जातो, तेथे खून झालेल्या एका पोलीस मेजरच्या विधवेच्या प्रेमात पडतो आणि पुढे कोणत्याही अधिकारावाचून, चोरून, पुन्हा त्या देशात शिरतो. तेथील वरिष्ठ पोलिसांपैकीच कोणी तरी फितूर आहे. भाषा येत नाही, शहर ठाऊक नाही, वर्दीवर विश्वास ठेवता येत नाही. अशा वेळी एका माणसावर विश्वास टाकणे भाग पडते. तोच प्रेमाचा आणि तोच धोक्याचा क्षण. ती व्यक्ती खरी निघाली तर प्रेमकथा, खोटी निघाली तर घात. लेखक हे दोन्ही दरवाजे शेवटपर्यंत उघडे ठेवतो, म्हणून आपण पाने उलटत राहतो.

आपल्याकडे या बीजाच्या सर्वांत जवळ जातो तो ‘अब तक छप्पन’ (2004) हा हिंदी चित्रपट. त्यातला साधू आगाशे हा मराठी इन्स्पेक्टर नाना पाटेकरांनी उभा केला. खात्यातल्या राजकारणाने कोंडीत सापडलेला आगाशे अखेरीस कायद्यालाच हवा असलेला इसम होतो आणि परदेशी जातो तो ज्याच्याशी आयुष्यभर लढला त्या गुंडाच्या मदतीने. तेथे गेल्यावर त्याच गुंडाला तो ठार करतो. थिएटरात या दृश्याला टाळ्या पडतात. त्या टाळ्या वाजवताना आपण नेमके कशाला संमती देत असतो, हा प्रश्न मात्र घरी परतल्यावर पडायला हवा.

कारण बदनाम पोलीस पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातच, जानेवारी 1993 मध्ये, दिघीला समुद्रमार्गे उतरवलेला चोरटा माल नेणाऱ्या गाड्या श्रीवर्धन भागात गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या होत्या. अडवल्या, आणि लाच ठरवून सोडून दिल्या. पुढच्याच महिन्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले. 12 मार्च 1993 रोजी मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि 257 माणसे मेली. त्या खटल्यात पोलिसांनाही आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. या कथेत सुंदर परदेश नाही, प्रेम नाही. कोकणातला एक फाटा आहे, रात्र आहे आणि पुढे केलेला हात आहे. वडील याच भागातल्या रस्त्यांवर गाडी चालवत आले आहेत. रात्री हात दाखवून थांबवणारा पोलीस कसा असतो हे ट्रकवाल्याला ठाऊक असते; त्याला त्यात रहस्य वाटत नाही.

याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवावेसे वाटते. चार्ल्स सोभराज मार्च 1986 मध्ये तिहार तुरुंगातील पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध घातलेली मिठाई चारून पळाला. मुंबई पोलिसांतले मधुकर झेंडे यांनी 1971 मध्ये त्याला एकदा पकडले होते. एप्रिल 1986 मध्ये ते गोव्यात गेले. तेव्हा गोवा केंद्रशासित होता; म्हणजे झेंडे आपल्या राज्याबाहेरच होते. पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ या हॉटेलात ते वाट पाहत बसले आणि सोभराज आल्यावर त्यांनी त्याला धरले. अनेक देशांच्या पोलिसांना झुलवणारा माणूस एका मराठी इन्स्पेक्टरच्या चिकाटीपुढे हरला. 2025 मध्ये या घटनेवर चिन्मय मांडलेकर यांनी ‘इन्स्पेक्टर झेंडे’ हा चित्रपटही काढला. त्यातून दिसते की वर्दी सांभाळून केलेल्या कामातही पुरेसे नाट्य असते. नायक थोर ठरण्यासाठी तो आधी बदनामच व्हायला हवा असे नाही.

मग बदनाम पोलिसाची कथा वाचूच नये काय? तसे मी म्हणणार नाही. पडलेला माणूस पुन्हा उभा राहू शकतो, ही आशा ती देते, आणि पहिल्यांदाच शिकणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या आशेची किंमत कळते. परंतु परका देश हा गंगास्नान नव्हे. विमानतळावर उतरल्याने कोणाचे पाप धुतले जात नाही, आणि कोणा परक्या स्त्रीने प्रेम केले म्हणून फाट्यावर घेतलेले पैसे परत होत नाहीत. चांगल्या लेखकाचा नायक हे जाणतो. तो परदेशी जातो, पण त्याचा खरा प्रवास परतीचा असतो: ज्या खात्याने, ज्या गावाने त्याला ओवाळून टाकले, तेथे येऊन खरे काय ते सांगण्याचा.

असा नायक मराठी रहस्यकथेत यायचा आहे. 2025 मध्ये पनवेलजवळ नवी मुंबईचा विमानतळ झाला. परदेशाची वाट आता आपल्या अंगणातून जाते. रायगडचा समुद्रकिनारा, फाटे, नाके, ट्रकच्या रांगा हे सारे साहित्य आपल्या डोळ्यांसमोर आहे. ते लिहिण्यासाठी परकीय कादंबरीचा साचा उसना आणावा लागणार नाही; फाट्यावर थांबून काय चालले आहे ते धीटपणे पाहावे मात्र लागेल.