पंचांग पाहून मासेमारी

कयाक म्हणजे एका माणसापुरती चिंचोळी, हलकी होडी. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक ती सीलच्या कातड्याची बनवीत. आता ती प्लॅस्टिकची मिळते. समजा, देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तेथे, अशा होडीतून गळाने मासे धरायला तुम्ही एखाद्या जाणत्या गाबीत काकांकडे शिकायला गेलात. काका गळाला हातही लावणार नाहीत. ते आधी विचारतील, "आज तिथी काय?"

तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची वेळ मिळते, असा कोकणातला जुना ठोकताळा आहे. आज षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला भरती पुरी, आणि सुमारे सव्वासहा तासांनी, पावणेअकराला, ओहोटी पुरी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून.

ही पाऊणपट कोठून आली? पंधरा तिथींत भरतीची वेळ 12 तास पुढे सरकते. म्हणजे दर तिथीला 48 मिनिटे. पाऊण तास म्हणजे 45. तोंडी हिशेब सोपा व्हावा म्हणून तीन मिनिटे सोडून दिली! पंधराव्या तिथीपर्यंत हा फरक पाऊण तासाचा होतो, शिवाय जागेप्रमाणेही वेळ बदलते. म्हणून छापील भरती-ओहोटीचे कोष्टक जवळ असलेले बरे.

वेळ चुकली तर? समजा, तुम्ही ताशी 5 किलोमीटर वल्हवता आणि ओहोटीचा ओढ ताशी 4 किलोमीटर आहे. परतताना 1 किलोमीटरला बारा मिनिटांऐवजी एक तास लागेल. दुप्पट जोर लावीन म्हणाल, तर पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट शक्तीने वेग जेमतेम सव्वापट होतो, आणि दंड मात्र लवकर भरून येतात. म्हणून काका तुम्हाला ओहोटीच्या शेवटी बाहेर नेतील, पाणी स्थिरावले की गळ टाकायला लावतील आणि चढत्या भरतीबरोबर आत आणतील. पाणी दोन्ही वेळा तुमचे काम करते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते नवख्याला नेणारच नाहीत.

नांगराबद्दलही काका कडक असतात. त्याचा दोर होडीच्या मध्यावर बांधला तर ती प्रवाहाला आडवी होते. पाणी एका बाजूने रेटते, दोर दुसरीकडून खाली ओढतो, आणि होडी कलंडते. दोर नाळेला किंवा वऱ्हाला, म्हणजे टोकालाच बांधायचा. मोठा मासा लागला तर दोरी नाळेवरून समोर ठेवायची: मासा होडीला ओढत नेईल, उलटवणार नाही. उभे मात्र राहू नका, गुरुत्वमध्य वर जातो. आणि तरंगते जाकीट अंगात हवेच, पट्टे आवळून, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा.