चष्म्याच्या नंबरची चिठ्ठी : तिचे वाचन आणि महाविद्यालयाची जबाबदारी
(परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

'चष्मा' हा शब्द फारसीतील डोळा या अर्थाच्या 'चश्म' या शब्दावरून आला आहे. मराठीने मात्र 'चाळिशी' हा स्वतःचा शब्दही घडविला. वयाच्या चाळिशीच्या सुमारास जवळचे वाचण्यास अडचण येऊ लागते, हा अनुभव या शब्दात साठविलेला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील संशोधक प. कृ. गोडे यांनी इ. स. १५०० ते १८०० या काळातील भारतातील चष्म्याच्या इतिहासावर स्वतंत्र लेखन केले आहे. अर्थात हे उपकरण आपल्या समाजास नवे नाही. तथापि, ज्या कागदाच्या आधारे चष्मा तयार होतो तो नंबरचा कागद सुशिक्षितांनाही सहसा वाचता येत नाही. आपला नंबर "दोन आहे" किंवा "दीड आहे" एवढेच बहुतेकांना सांगता येते. त्यामागील चिन्ह, कोन आणि वाचनासाठीची भर यांविषयी विचारले असता उत्तर मिळत नाही.

हा प्रश्न केवळ सामान्यज्ञानाचा नाही. ग्रामीण भागातून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला फळ्यावरील अक्षर दिसत नसेल, तर तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो, मागे पडतो आणि 'अभ्यासात कच्चा' ठरतो. अनेकदा त्याला स्वतःलाही आपला दोष ठाऊक नसतो, कारण इतरांना कसे दिसते हे त्याने कधी अनुभवलेलेच नसते. चष्म्याची चिठ्ठी कशी तयार होते, ती कशी वाचावी आणि प्राध्यापकांनी या संदर्भात काय करता येईल, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. दृष्टिदोष आणि डायॉप्टर :

निरोगी डोळ्यात दूरच्या वस्तूकडून येणारे किरण दृष्टिपटलावर एकत्र येतात. ते पटलाच्या अलीकडे एकत्र आले तर निकटदृष्टिता होते. अशा व्यक्तीस जवळचे स्पष्ट आणि दूरचे अस्पष्ट दिसते व तिला अंतर्वक्र, म्हणजे उणे शक्तीचे भिंग लागते. किरण पटलाच्या पलीकडे एकत्र येण्याची प्रवृत्ती असल्यास दूरदृष्टिता होते व तिच्यासाठी बहिर्वक्र, म्हणजे अधिक शक्तीचे भिंग वापरतात. डोळ्याच्या पृष्ठभागाची वक्रता सर्व दिशांनी सारखी नसेल तर अबिंदुकता निर्माण होते. व्यवहारात यालाच 'सिलिंड्रिकल नंबर' म्हणतात. वयोमानानुसार नेत्रभिंगाची लवचिकता कमी होऊन जी अडचण येते ती वृद्धदृष्टिता, म्हणजेच चाळिशी होय.

भिंगाची शक्ती डायॉप्टर या एककात मोजतात. हे एकक फ्रेंच नेत्रतज्ज्ञ मोनोयर यांनी १८७२ मध्ये सुचविले. मीटरमधील नाभीय अंतराचा व्यस्तांक म्हणजे डायॉप्टर. या व्याख्येचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. निकटदृष्टी व्यक्तीच्या बाबतीत नंबरचा व्यस्तांक काढला की चष्म्याविना तिला किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसते ते कळते. उणे ०.५० नंबर असलेल्यास २ मीटरपर्यंत, उणे १.०० असलेल्यास १ मीटरपर्यंत, तर उणे २.०० असलेल्यास केवळ ५० सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसते. वर्गातील मधल्या बाकापासून फळा चार-पाच मीटर दूर असतो. त्यामुळे 'अगदी थोडा नंबर' म्हणून दुर्लक्षित होणारा उणे एकचा दोषसुद्धा विद्यार्थ्यास फळ्यापासून तोडण्यास पुरेसा आहे, हे लक्षात येईल.

२. नंबर काढण्याची प्रक्रिया :

तपासणीचा प्रारंभ दृष्टितीक्ष्णतेच्या मोजमापाने होतो. यासाठी वापरला जाणारा अक्षरांचा तक्ता डच नेत्रतज्ज्ञ स्नेलन यांनी १८६२ मध्ये तयार केला. तक्ता ६ मीटर अंतरावर ठेवतात आणि प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासतात. ६/१८ या नोंदीचा अर्थ असा की, निरोगी डोळ्यास जी ओळ १८ मीटरवरून वाचता येते ती या व्यक्तीस ६ मीटरवरून वाचता येते. हा अपूर्णांक टक्केवारी दर्शवीत नाही. तसेच तो चष्म्याचा नंबरही नाही. ६/१८ ही अडचणीची नोंद आहे, तर नंबर हा तिच्यावरील उपाय आहे. अक्षरओळख नसलेल्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेल्या चिन्हांचा तक्ता वापरला जातो.

त्यानंतर रेटिनोस्कोपीने किंवा संगणकीय यंत्राने नंबरचा अंदाज घेतला जातो. लहान मुलांमध्ये आणि काही तरुणांमध्ये डोळ्याचे स्नायू ताणले जाऊन नंबर खोटा येण्याची शक्यता असते. म्हणून डोळ्यांत थेंब टाकून स्नायू शिथिल केल्यावर मोजमाप करतात. यंत्राने दिलेला आकडा हा अंतिम नंबर नव्हे. चाचणीच्या चौकटीत एकेक भिंग बदलून "हे स्पष्ट की ते स्पष्ट" असे विचारले जाते. ही पायरी वगळून केवळ यंत्राच्या कागदावरून चष्मा करून घेणे योग्य नाही. या वेळी घाईने "दिसते, दिसते" म्हणणारा रुग्ण स्वतःचेच नुकसान करून घेतो.

३. चिठ्ठीचे वाचन :

चिठ्ठीवर उजवा डोळा 'आर.ई.' किंवा 'ओ.डी.' आणि डावा डोळा 'एल.ई.' किंवा 'ओ.एस.' या अक्षरांनी दाखविलेला असतो. पुढील रकान्यांत क्रमाने स्फेरिकल, सिलिंड्रिकल आणि ॲक्सिस यांच्या नोंदी असतात. एका काल्पनिक चिठ्ठीचे उदाहरण घेऊ.

उजवा डोळा : −१.२५ / −०.५० × १८०°, चष्म्यासह ६/६
डावा डोळा : −१.०० / निरंक, चष्म्यासह ६/६
वाचनासाठी भर : +१.५०

(अ) स्फेरिकल : हा मुख्य नंबर होय. उणे चिन्ह निकटदृष्टिता आणि अधिक चिन्ह दूरदृष्टिता दर्शविते. नंबर पाव डायॉप्टरच्या टप्प्यांनी लिहितात. नंबर सांगताना चिन्ह सोडून देणे म्हणजे अर्धीच माहिती देणे होय. उणे दोन आणि अधिक दोन हे परस्परविरुद्ध दोष आहेत.

(आ) सिलिंड्रिकल आणि ॲक्सिस : सिलिंड्रिकल शक्ती कोणत्या दिशेने बसवावयाची ते ॲक्सिस सांगतो. तो १ ते १८० अंशांत लिहितात. या दोन नोंदी अविभाज्य आहेत; कोनाशिवाय सिलिंड्रिकल नंबर निरर्थक ठरतो. भिंग १० अंशांनी फिरले तर सिलिंड्रिकल दोषाचा सुमारे एक-तृतीयांश भाग शिल्लक राहतो आणि ३० अंशांनी फिरले तर मूळ दोषाएवढाच नवा दोष निर्माण होतो. मोठा सिलिंड्रिकल नंबर असलेल्यांनी वाकडी झालेली फ्रेम तशीच वापरू नये, त्याचे कारण हेच आहे.

(इ) वाचनासाठीची भर : दूरच्या नंबरमध्ये बीजगणितीय पद्धतीने ही भर मिळविली की जवळचा नंबर मिळतो. वरील उदाहरणात उजव्या डोळ्याचा जवळचा स्फेरिकल नंबर −१.२५ + १.५० = +०.२५ असा येतो, तर सिलिंड्रिकल व कोन तेच राहतात. काही चिठ्ठ्यांवर केवळ भर लिहितात, तर काहींवर बेरीज करून जवळचा संपूर्ण नंबर लिहितात. कोणती पद्धत वापरली आहे हे तेथेच विचारून घ्यावे, कारण या गोंधळातून चुकीचा वाचनाचा चष्मा तयार होऊ शकतो.

(ई) दोन बाहुल्यांमधील अंतर : हे मिलिमीटरमध्ये लिहितात आणि बहुतेक प्रौढांमध्ये ते ५४ ते ७४ या मर्यादेत असते. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर न आल्यास नंबर बरोबर असूनही डोळ्यांवर ताण पडतो व डोके दुखते. नंबर जितका मोठा, तितका हा परिणाम अधिक. ही नोंद अनेकदा चिठ्ठीवर नसते, म्हणून ती आवर्जून मागून घ्यावी.

४. एकच नंबर, दोन चिठ्ठ्या :

"दोन ठिकाणी तपासले, दोन वेगळे नंबर आले" अशी तक्रार वारंवार ऐकू येते. दरवेळी त्यात चूक असतेच असे नाही. सिलिंड्रिकल नंबर उणे किंवा अधिक अशा दोन्ही पद्धतींनी लिहिता येतो. उदाहरणार्थ, −१.२५ / −०.५० × १८० आणि −१.७५ / +०.५० × ९० हे दोन नंबर संपूर्णपणे एकच आहेत. रूपांतराचा नियम सोपा आहे : स्फेरिकल आणि सिलिंड्रिकल यांची बेरीज हा नवा स्फेरिकल, सिलिंड्रिकलचे चिन्ह उलट करावे, कोनात ९० मिळवावे किंवा वजा करावे. या नियमाने दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या तर पुन्हा खर्च करण्याचे कारण उरत नाही. पाव डायॉप्टरचा फरकही सामान्यतः चिंतेचा नसतो. त्याहून मोठा फरक असल्यास मात्र फेरतपासणी करून घ्यावी.

५. नंबर जे सांगत नाही :

नंबर काढणे आणि डोळे तपासणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. काचबिंदूमध्ये दृष्टीचा परीघ हळूहळू आकुंचित होत जातो. परंतु समोरची दृष्टी दीर्घकाळ ६/६ राहू शकते. मधुमेहामुळे दृष्टिपटलावर होणारे परिणामही प्रारंभी नंबरात उमटत नाहीत. यास्तव चाळिशीनंतर नंबरासोबत डोळ्याचा दाब आणि दृष्टिपटल यांची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडून करून घेणे आवश्यक आहे. रक्तातील साखर अनियंत्रित असताना काढलेला नंबर तात्पुरता असतो. साखर स्थिर झाल्यावर तो बदलतो.

उतारवयात "आजीचा चष्मा सुटला, आता बिनचष्म्याने सुईत दोरा ओवते" असे कौतुकाने सांगितले जाते. वास्तविक, मोतीबिंदूच्या एका प्रकारात नेत्रभिंगाची शक्ती वाढून डोळा निकटदृष्टी बनतो आणि काही काळ जवळचे स्पष्ट दिसू लागते. हे दृष्टी सुधारल्याचे लक्षण नसून तपासणीची वेळ आल्याची सूचना आहे.

६. प्रचलित गैरसमज :

चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा समज सर्वाधिक हानिकारक आहे. शरीराच्या वाढीच्या वयात नेत्रगोलाची लांबी वाढते व त्यामुळे उणे नंबर वाढतो. चष्मा नसता तरी तो वाढलाच असता. उलट, बालवयात योग्य चष्मा न मिळाल्यास, विशेषतः दोन्ही डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असल्यास, एक डोळा कायमचा मंद राहू शकतो आणि नंतर भिंगाने तो सुधारत नाही. दुसरा अडसर सामाजिक आहे. विवाह जुळविताना अडचण येईल या भीतीने मुलींचा चष्मा टाळला किंवा लपविला जातो. त्याची किंमत त्यांना शिक्षणात मोजावी लागते. बाजारातील तयार 'चाळिशी' तात्पुरत्या वाचनास चालते. तथापि तिच्या दोन्ही भिंगांची शक्ती समान असते आणि तिच्यात सिलिंड्रिकल नंबर नसतो, हे विसरू नये.

७. परभणी जिल्हा आणि महाविद्यालयाची भूमिका :

शासनाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलेले नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि शालेय मुलांची नेत्रतपासणी व गरजूंना मोफत चष्मे यांचा त्यात अंतर्भाव आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या बालकांची अंगणवाडी आणि शासकीय व अनुदानित शाळांमध्ये तपासणी होते. दुसऱ्या टोकाला, मोतीबिंदूची शिबिरे प्रामुख्याने ज्येष्ठांसाठी असतात. देशातील २०१५ ते २०१९ या काळातील अंधत्व सर्वेक्षणसुद्धा मुख्यत्वे ५० वर्षे व त्यापुढील वयोगटावर आधारलेले होते.

या दोन टोकांच्या मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थी येतो. अठरा वर्षे पूर्ण होताच तो बालकांच्या योजनेतून बाहेर पडतो आणि ज्येष्ठांच्या शिबिरात तो बसत नाही. जिंतूर, पालम, सोनपेठ किंवा पूर्णा तालुक्यातील खेड्यातून एस. टी. ने ये-जा करणारा विद्यार्थी दिवसाचे काम सोडून तपासणीसाठी स्वतःहून जाण्याची शक्यता कमी असते. ही पोकळी महाविद्यालयास अल्प खर्चात भरून काढता येईल. त्यासाठी पुढील उपाय सुचवावेसे वाटतात.

१) प्रवेशाच्या वेळी ६ मीटर लांबीच्या, चांगल्या प्रकाशाच्या व्हरांड्यात तक्ता लावून प्रत्येक विद्यार्थ्याची दृष्टी एकेका डोळ्याने पाहावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना हे काम नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडून शिकून घेता येईल.
२) कोणत्याही डोळ्याने ६/९ ची ओळ वाचता न आल्यास त्या विद्यार्थ्यास तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात किंवा परभणीच्या जिल्हा रुग्णालयात पाठवावे. महाविद्यालयाने स्वतः नंबर काढू नये. त्याचे काम चाळणीपुरतेच असावे.
३) चिठ्ठी नेहमी स्वतःजवळ ठेवावी. ती दुकानात राहिल्यास चष्मा फुटल्यावर पुन्हा प्रारंभापासून तपासणी करावी लागते. चिठ्ठीचे छायाचित्र भ्रमणध्वनीत जतन करण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.
४) भौतिकशास्त्राच्या तासाला भिंगाची शक्ती शिकविताना प्रत्यक्ष चिठ्ठीचे वाचन करून घ्यावे.

निष्कर्ष :

चष्म्याची चिठ्ठी हे चिन्ह, शक्ती, कोन, भर आणि अंतर या पाच नोंदींचे मोजमाप आहे आणि पदवीपर्यंत शिकलेल्या प्रत्येकास ते वाचता आले पाहिजे. जागतिक आरोग्य सभेने २०२१ मध्ये दृष्टिदोषावरील परिणामकारक चष्म्यांची व्याप्ती २०३० पर्यंत ४० टक्के बिंदूंनी वाढविण्याचे उद्दिष्ट स्वीकारले आहे. असे उद्दिष्ट परभणीसारख्या जिल्ह्यात साध्य व्हावयाचे असेल तर त्याचा काही भाग महाविद्यालयांच्या व्हरांड्यात पार पडावा लागेल. विद्यार्थ्यास उत्तर का येत नाही असा प्रश्न विचारण्यापूर्वी त्याला फळा दिसतो का, हे पाहणे प्राध्यापकाच्या आवाक्यातील आणि कर्तव्याच्या कक्षेतील काम आहे.