डोळे बदलले, भक्त रुसले

संगीत नाटकाचा जुना प्रेक्षक ठरल्या जागी ठरलेली तान आली नाही की खुर्चीत चुळबुळू लागतो. नव्या नटाचा गळा अधिक गोड आहे, हे त्याला कबूल असते. परंतु त्याला हवी असते ती तीच तान! मोटारींच्या शौकिनांची जात नेमकी हीच. त्यांचा रुसवा कसा असतो हे पाहायचे असेल, तर जर्मनीतल्या पोर्शे कारखान्याने १९९७ साली आपल्या ‘९११’ या गाडीला नवे रूप दिले तेव्हा केवढा गहजब झाला, ते ऐकण्यासारखे आहे.

आधी या गाडीची कुळकथा. कारखान्याच्या संस्थापकाचा नातू फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे याने रेखलेली ही गाडी १९६३ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. तेव्हा तिचे नाव होते ‘९०१’. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावावर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने आपला हक्क सांगितला, आणि शून्याच्या जागी एक येऊन बसला. गाडीची ठेवण मोठी मुलखावेगळी. एंजिन पुढे नव्हे, तर मागे. तेही मागच्या चाकांच्या पलीकडे टांगलेले. त्याचे सहा सिलिंडर उभे नाहीत, तर तीन-तीन समोरासमोर आडवे निजलेले. आणि मुख्य म्हणजे या एंजिनाला थंड राहायला पाणी लागत नसे. एक पंखा त्यावर वारा घाली, थोडी उष्णता तेल वाहून नेई आणि तेवढ्यावर त्याचे भागे. त्या पंख्याचा आणि एंजिनाचा मिळून एक कोरडा, खरखरीत आवाज निघे. पुढे दोन वाटोळे दिवे, भाबड्या डोळ्यांसारखे. वळणावर भलत्या वेळी पाय उचलला, तर गाडीचा मागचा भाग चालकालाच शेपटीचा तडाखा देई. पण प्रेमात पडलेल्या माणसाला खोडीही लाडक्या वाटतात!

या प्रेमाने गाडीला एकदा जीवदानही दिले होते. एंजिन पुढे असलेली, पाण्याने थंड होणारी ‘९२८’ कारखान्याने १९७७ साली काढली, ती ९११ ची जागा घेईल या हिशेबाने. १९८१ मध्ये पीटर शुट्झ नावाचा नवा प्रमुख आला. त्याने पुढे सांगितलेली हकिकत अशी: एका सहकाऱ्याच्या खोलीत भिंतीवर गाड्यांच्या भवितव्याचा तक्ता होता आणि त्यात ९११ ची रेघ मध्येच तुटलेली होती. शुट्झने पेन उचलले आणि ती रेघ कागदावरून भिंतीवर आणि भिंतीवरून थेट दाराबाहेर ओढत नेली. गाडी वाचली.

परंतु कारखाना वाचायचा होता. १९८६ साली अमेरिकेत पोर्शेच्या तीस हजारांवर गाड्या खपल्या होत्या. १९९३ साली हा आकडा चार हजारांच्याही खाली घसरला. व्हेंडेलिन व्हिडेकिंग या नव्या प्रमुखाने जपानी तज्ज्ञ बोलावून कारखान्याची घडी नव्याने बसवली. एक स्वस्त गाडी आणि एक महाग गाडी यांची जोडी आखायची आणि दोघींचे जमतील तितके भाग सामाईक ठेवायचे, असे ठरले. स्वस्त ‘बॉक्स्टर’ १९९६ मध्ये आली. पाठोपाठ नवी ९११. या पिढीचे कारखान्यातले नाव ‘९९६’. हार्म लागाय हा तिथल्या रूपकारांचा प्रमुख होता आणि बाह्यरूप पिंकी लाय याने घडवले.

नव्या गाडीत एंजिन मागेच होते, सिलिंडर सहाच होते, तेही आडवेच. पण आता त्याभोवती पाणी खेळू लागले. ही काही लहर नव्हती. आवाज आणि धूर यांवरचे कायदे कडक होत चालले होते. दर सिलिंडरला चार झडपा बसवून अधिक ताकद काढायची, तर ती उष्णता नुसत्या वाऱ्याला पेलवणारी नव्हती. गाडी आधीच्या पिढीपेक्षा १८५ मिलिमीटर लांब झाली. ३.४ लिटरचे एंजिन ३०० अश्वशक्ती देई आणि कमाल वेग ताशी २८० किलोमीटर. कागदावर पाहाल तर सारेच पारडे जड.

आणि भक्त मात्र संतापले! पहिला राग आवाजावर. पाण्याच्या आवरणाने तो कोरडा खरखराट गिळला. एंजिन चालते आहे की शिवणयंत्र, असे म्हणण्यापर्यंत मंडळींची मजल गेली. दुसरा राग अंगावर: सडपातळ खेळाडूचे सुखवस्तू गृहस्थात रूपांतर झाले म्हणे. तिसरा राग आतल्या सजावटीवर. एकाशेजारी एक मांडलेली पाच घड्याळे एकमेकांवर सरकली होती आणि प्लॅस्टिक हलके वाटत होते. परंतु सर्वांत मोठा राग होता तो डोळ्यांवर. पुढचा दिवा, वळणाचा पिवळा दिवा आणि धुक्यातला दिवा असे सारे एकाच काचेखाली कोंबले होते, आणि त्या काचेची खालची कड ओघळलेली. लोकांनी त्याला तव्यावर तळलेल्या अंड्याची उपमा दिली, ती आजतागायत चिकटून आहे. वर हेच डोळे स्वस्त बॉक्स्टरलाही होते! आरशात मागून कोण येते आहे, थोरली की धाकटी, हे पुढच्याला कळू नये, याचे दुःख थोरलीच्या धन्याला किती झाले असेल, हे मोटार नसलेल्या माणसालाही समजेल.

दुसरी बाजू मांडणारेही होते. गाडी वळणावर आता शहाण्यासारखी वागते, लांबच्या प्रवासात कान किटत नाहीत, हे ते सांगत. १९९९ साली ‘जीटी३’ ही तिची शर्यतबाज बहीण आली आणि वाल्टर र्यॉर्लने तिच्यातून न्यूरबुर्गरिंगचा जुना अवघड फेरा आठ मिनिटांच्या आत पुरा केला, तेव्हा या पक्षाला जोर चढला. पण तिचे एंजिन निराळ्या, शर्यतीच्या घराण्यातले आहे, हे विरोधक लगेच दाखवून देत. साध्या गाडीच्या एंजिनात एका शाफ्टचे बेअरिंग काही वेळा निकामी होई आणि सारे एंजिनच बाद होई. हा मात्र नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. अमेरिकेत त्यावरून दावा झाला आणि तडजोड करावी लागली.

मग बरोबर कोण ठरले? कारखान्याने दिलेले उत्तर बोलके आहे. ९९६ च्या पावणेदोन लाखांच्या आसपास गाड्या तयार झाल्या आणि बॉक्स्टरच्या जोडीने तिने कारखान्याला पायावर उभे केले. २००४ मध्ये पुढची पिढी आली, तिचे दिवे पुन्हा वाटोळे होते. एंजिनातले पाणी मात्र गेले नाही. म्हणजे डोळ्यांच्या बाबतीत भक्त जिंकले, पाण्याच्या बाबतीत हरले. आणि हा निवाडा न्यायाचाच म्हणायला हवा. वारा हा उपाय होता, उपाय बदलतो. चेहरा ही ओळख होती. ती बदलली की माणूस दारात उभा राहूनही परका वाटतो.

जुन्या निष्ठेची किंमत बाजारानेही केली. १९९८ मध्ये बंद पडलेली वाऱ्यावरची अखेरची पिढी आज तिच्या धाकट्या बहिणीहून कितीतरी महाग विकली जाते. २०१४ पासून अमेरिकेत केवळ वाऱ्यावर थंड होणाऱ्या पोर्शे गाड्यांचा मेळावाही भरतो आहे. उलट ज्या ९९६ ला नाके मुरडली, तीच खिसा बेताचा असलेल्या तरुण शौकिनाला ९११ च्या घरात शिरायचे दार ठरली. त्या ओघळलेल्या डोळ्यांवर जीव जडलेली पिढीही आता तयार झाली आहे!

२०२४ मध्ये ९११ च्या एका प्रकारात एंजिनाच्या जोडीला वीज आली. काटा फिरणारे शेवटचे घड्याळ जाऊन पडदा आला, आणि डाव्या हाताने पीळ देऊन गाडी चालू करण्याची रीत सोडून बटण आले. भक्तमंडळी पुन्हा रुसली आहेत. कारखानदाराने त्यांचा रुसवा जरूर ऐकावा. कारण ज्या गाडीवर कोणी रुसत नाही, त्या गाडीचे कोणाला काही वाटेनासे झाले, असेच समजावे.